न नेलेल्या चष्म्यांचा खण

धाकटी: हळू बोल, ताई. आत्ताच कुठे डोळा लागलाय मुंगीचा.

ताई: याहून हळू बोलायचं तर खाणाखुणा कराव्या लागतील. आणि शटर अर्धं का ओढलंस? ड्रायव्हर दोनदा पुढे निघून गेला. त्याला वाटलं, दुकान बंद आहे.

धाकटी: उजेड सोसत नाही पोरीला. पडद्यामागे बाकावर निजवलंय, डोळ्यांवर ओला रुमाल टाकून. सकाळी शाळेतून फोन आला, घेऊन जा म्हणाले. फळ्यावरचं वहीत उतरवता उतरवता वहीवरच ओकली.

ताई: काहीतरी खाण्यात आलं असेल.

धाकटी: खाण्यात यायला खाते कुठे ती? संध्याकाळ झाली की डोकं धरून बसते. पेला घ्यायला हात पुढे करते, तो पेल्याच्या बाजूलाच जातो. जिना उतरताना पायाने पायरी चाचपते, सत्तरीच्या बाईसारखी. आठ वर्षांची पोर ती! काल दूध ओतलं, निम्मं भांड्यात आणि निम्मं ओट्यावर. मी ओरडले तिच्यावर. आणि मग रात्रभर मलाच झोप नाही.

ताई: डॉक्टरला दाखवलंस?

धाकटी: दाखवलं. त्याने गुडघे वाजवून पाहिले, डोळ्यांपुढे बोट नाचवलं, फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं. विचारलं, चष्म्याचा नंबर तपासलाय का? मी म्हटलं, डॉक्टर, मी आयुष्यभर दुसरं केलंय काय? चष्म्याचंच दुकान आहे माझं. तेव्हा तो म्हणाला, डोक्याचा स्कॅन करून घेऊ, मंगळवारी या. घाबरू नका. आता मला सांग, डॉक्टर आपणहून घाबरू नका म्हणाला, तर माणसाने काय समजायचं?

ताई: समजायचं की घाबरायचं नाही.

धाकटी: तुला सोपंय गं. हिचे बाबा ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेलेत. त्यांना स्कॅनचं अजून सांगितलंच नाही. हातात स्टिअरिंग असलेल्या माणसाला कसं सांगू?

ताई: नाही सांगितलंस तेच बरं. आता माझं नीट ऐक. आमच्या हुशार मुलांच्या शाळेची परीक्षा सोमवारी आहे, स्कॅन मंगळवारी. मी ऑफिसची गाडी घेऊन आलेय ती त्याचसाठी. आत्ता मुंगीला घेऊन निघते. तोवर माझ्याकडे आराम करू दे. सोमवारी पेपर, आणि मंगळवारी तिथल्याच मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन. इथल्यापेक्षा चांगलं मशीन आहे तिकडे, आणि डॉक्टर ओळखीचे. तूही चल. दुकान राहील बंद.

धाकटी: ताई, पोरीच्या डोक्यात काहीतरी वाढतंय की काय या भीतीने माझा जीव जायची वेळ आलीय, आणि तू मला पेपर सांगतेस?

ताई: मी पण घाबरलेय. मला काय दगड समजतेस? पण मी घाबरले की कामाला लागते, आणि तू घाबरलीस की शटर ओढतेस.

धाकटी: ओढेन. माझं शटर आहे. ती सोमवारी जाणार नाही, आणि पुढेही नाही. तुझी ती शाळाच नको मला.

ताई: अगं, पहिल्या फेरीत तिसरीच्या सगळ्या मुलांमध्ये ती कुठल्या कुठे पुढे होती. तपासणाऱ्यांना माहीतसुद्धा नव्हतं की ती माझी भाची आहे. असलं मूल वर्षानुवर्षं एकच गणित घोटत बसणार, आणि एक दिवस त्याचा सगळा रस आटणार. मी डोळ्यांनी पाहिलंय तसं झालेलं.

धाकटी: आणि मी काय पाहतेय? निकाल घेऊन घरी आली, त्याच आठवड्यापासून हे सुरू झालं. मग दर शनिवारी तुझे ते सराववाले सर यायला लागले. आधी सगळं बरोबर यायचं. मग थोडं चुकायला लागलं, मग आणखी. परवा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही झालंय का? मला आपला दादाच आठवला, ताई. दादाचंही असंच झालं होतं. आधी डोकेदुखी, मग मार्क घसरले, मग तोंड मिटलं ते मिटलंच.

ताई: दादाला मध्ये आणू नकोस.

धाकटी: मी आणायची काय गरज? तो मध्येच बसलाय की. तो नसता तर तू या शिक्षणखात्यात गेली असतीस? तीन तीन देश हिंडून आलीस ती कुणासाठी?

ताई: त्याच्यासाठीच. मी कुठे नाही म्हणतेय? दादा हुशार निघाला, तर आपल्या माणसांना एकच सुचलं, चढवा वरच्या वर्गात. नऊ वर्षांचा पोरगा थेट सातवीत आणि वसतिगृहात. मोठी पुस्तकं, मोठी मुलं, आणि त्या मोठ्या मुलांचा मार. वेगळं काही करता येतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून मी बघायला गेले. येतं गं करता! एका देशात मुलाला शाळेतून हलवतच नाहीत. खास शिकलेली बाई आठवड्यातून एकदा येते आणि अशा चार-पाच जणांना घेऊन बसते. दुसरीकडे झाडून सगळ्या मुलांची परीक्षा घेतात, म्हणजे कुणा गरिबाचं पोर नजरेतून सुटायला नको. ती पद्धत आपण आणली. आणि तो बर्फाचा देश! तिथल्या वर्गात मी मागे बसले होते. एका एवढ्याशा मुलीने प्रश्न विचारला, आणि बाई म्हणाली, मला नाही माहीत, चल शोधू या. मला रडू आलं तिथे. परक्या वर्गात, परक्या बाईसमोर. दादाला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं.

धाकटी: छान आहे. आणि हे सगळं बघून येऊन तू काय केलंस? वसतिगृह.

ताई: ते वसतिगृह आणि हे वसतिगृह यात फरक आहे. एका खोलीत चारच मुली. प्रत्येकीच्या पलंगाशी दिवा. वॉर्डन शिकलेली आहे, मी स्वतः निवडलीय. गाद्या मी हाताने दाबून पाहिल्यात, हसू नकोस.

धाकटी: हसत नाहीये. दादाचीही गादी चांगलीच होती, ताई. त्याचं बिनसलं ते तिथल्या गादीपायी नाही. तुला तो पहिल्या सुट्टीत घरी आला तो दिवस आठवतो?

ताई: नाही. मी आजीकडे असेन तेव्हा.

धाकटी: मला आठवतो. चार वर्षांची होते, पण आठवतो, कारण त्याची जागा मी घेतली होती. खिडकीखालची कॉट. आणि दारामागची त्याची खुंटी, तिच्यावर माझे फ्रॉक. आईनेच दिलं होतं सगळं. रिकामी कशाला ठेवायची, म्हणाली. तो दारात येऊन उभा राहिला, बॅग हातात. खोलीभर बघितलं. कॉटकडे बघितलं, खुंटीकडे बघितलं. आणि आईला विचारलं, मी बॅग कुठे ठेवू?

ताई: मग?

धाकटी: मग काय. आई म्हणाली, ठेव रे कुठेही, आपलंच घर आहे. त्याने ती बॅग सुट्टीभर रिकामी केली नाही. पलंगाखाली सारून ठेवली होती. त्यातूनच शर्ट काढायचा, घालायचा, आणि घडी करून परत आत. मी खाली वाकून बघायचे, मला गंमत वाटायची. पाहुण्यासारखा आला आणि पाहुण्यासारखा गेला. पुढे शिक्षण सोडलं, तेव्हासुद्धा आपल्या घरी नाही आला. कुठल्याशा गोदामावर रात्रीची राखण करतो. फोन केला तर म्हणतो, इकडे हवा बरी आहे. तुमच्याकडे कशी आहे? बस्स.

ताई: हे तू मला कधी बोलली नाहीस.

धाकटी: काय बोलणार? तुझी जागा मी खाल्ली, हे त्यालाही कधी बोलता आलं नाही मला.

(पडद्यामागे काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज.)

धाकटी: मुंगे!

मुंगी: काही नाही झालं. स्टुलावरून पाय सटकला.

धाकटी: हलू नकोस! आहेस तशीच राहा. ताई, तिचं डोकं बघ, कुठे लागलंय का बघ. मला काही समजत नाहीये.

ताई: डोक्याला नाही लागलेलं. थांब, मान वळव बाळा. नाही गं, कुठे काही नाही.

मुंगी: कोपर आहे. फक्त कोपरच आहे.

धाकटी: पायरी चुकते, पेला चुकतो, आणि तू स्टुलावर चढतेस? कशाला चढली होतीस?

मुंगी: पाणी हवं होतं.

धाकटी: पाणी तर खाली आहे, बाकाशी. वर नुसते खण आहेत.

ताई: आधी तिला बसव आणि मग झाडाझडती घे. अगं जपून, पाय नको देऊस! चष्मा उडालाय तिचा, त्या कपाटाखाली.

धाकटी: दे इकडे. फुटला नाही हे नशीब. पुसून देते... थांब. ताई, तो मोठा दिवा लाव.

ताई: उजेड सोसत नाही म्हणालीस ना?

धाकटी: लाव म्हणते ना!

ताई: लावला. काय झालं? तडा गेलाय?

धाकटी: ही बघ. काच अशी डोळ्यांपुढे धरायची आणि हळू हलवायची. भिंत केवढी पळतेय बघ.

ताई: मला काय कळतंय त्यातलं? पळतेय खरी.

धाकटी: मुंगीचा नंबर कमी आहे. तिच्या काचेतून भिंत जराशी सरकायला हवी. ही धावतेय. थांब, नंबर मोजायच्या मशीनखाली धरते... ताई, दुपटीहून जास्त आहे. दोन्ही काचांचा.

ताई: म्हणजे तिचा नंबर वाढला?

धाकटी: तिचा कसला वाढतोय! हा चष्माच तिचा नाही. फ्रेम तीच आहे, ही जाड, काळी. पहिल्या फेरीचा निकाल आला तेव्हा हिनेच मागून घेतली. मी म्हटलं, एवढंसं तोंड आणि त्यावर हा ठोकळा कशाला? तर नाही, हीच हवी. हट्टाला पेटली होती. मला हसू आलं, दिली बसवून. जाड काठात काच जाड की बारीक, कुणाला दिसतंय? मुंगे, वरच्या कुठल्या खणात हात घालत होतीस तू?

मुंगी: सगळ्यात वरच्या.

धाकटी: न नेलेल्या चष्म्यांच्या?

ताई: न नेलेले म्हणजे?

धाकटी: लोक बनवायला टाकतात आणि न्यायलाच येत नाहीत. कुणी गाव सोडून जातं, कुणी विसरतं. कुणासाठी तरी बनवलेली वस्तू फेकवत नाही, म्हणून मी ठेवते. काढ तो खण, तुझा हात पोचेल. याच फ्रेमचा एक होता, एका शाळकरी मुलाचा. हे पाकीट बघ. वर त्या मुलाचं नाव, आणि आत... हा हिचा चष्मा. माझ्या हातचा.

ताई: अरे देवा. म्हणजे डोक्यात काही नाहीये तिच्या?

धाकटी: मला बसू दे जरा. डोकेदुखी, उलटी, पायरी चुकणं, सगळं याने होतं. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते, ताई. रोज! नंबर चुकला की डोकं दुखेल, जमीन वरखाली वाटेल, तसं झालं तर ताबडतोब परत या. आणि स्वतःच्या पोरीच्या नाकावरचा चष्मा एकदा काढून बघितला नाही. का, तर तो मी बनवला होता. डॉक्टरने विचारलं तरी नाही.

ताई: जाऊ दे. जीव भांड्यात पडला माझा. चल, म्हणजे आता स्कॅनचं काम नाही, आणि ती...

धाकटी: थांब. एवढ्यात हसू नकोस. मुंगे, इकडे ये. माझ्याकडे बघ. हे तू केलंस?

मुंगी: हो.

धाकटी: का गं?

मुंगी: सोमवारी चुकायला.

ताई: अगं वेडे, मग चुकीची उत्तरं लिहायची होतीस! म्हणजे, लिहायची नाहीत. पण...

मुंगी: मला मुद्दाम चुकता येत नाही, मावशी. मी करून बघितलं. बरोबर काय ते दिसलं की हात तेच लिहितो. म्हणून म्हटलं, दिसायलाच नको. पण एकदम सोमवारी चुकलं असतं तर सरांना कळलं असतं. म्हणून आधी तो चष्मा थोडा वेळच घातला. मग जास्त वेळ. मग दिवसभर. म्हणजे मी हळूहळू मठ्ठ होतेय असं दिसेल.

ताई: हळूहळू. बाई गं! म्हणजे फ्रेम तीच मागून घेण्यापासून सगळं आधी ठरवून. आमची परीक्षा जे शोधायला निघालीय ना, ते नेमकं...

धाकटी: ताई, एक शब्द पुढे बोललीस तर बघ.

ताई: नाही बोलत.

धाकटी: डोकं फुटायची वेळ आली होती तुझी. आज ओकलीस. आत्ता पडलीस. जिन्यावरून गेली असतीस म्हणजे? मी तुझ्या उशाशी बसून रात्र रात्र श्वास मोजतेय, आणि तू गप्प पडून राहतेस?

मुंगी: मला वाटलं सवय होईल. आई, त्या स्कॅनच्या मशीनमध्ये काय काय दिसतं?

धाकटी: काय दिसायचंय?

मुंगी: मी मुद्दाम करतेय ते दिसतं? आणि हुशार आहे ते? मी झोपले नव्हते, सगळं ऐकू येत होतं. तू स्कॅन म्हणालीस आणि मला खूप भीती वाटली. म्हणून मी माझा चष्मा परत घालायला गेले होते.

ताई: तसलं काही दिसत नाही गं त्यात, राजा.

मुंगी: नक्की?

ताई: अगदी नक्की. त्यात नुसतं डोकं दिसतं, डोक्यातलं काही नाही दिसत.

धाकटी: जायचं नव्हतं तर मला सांगायचंस. मी तर आधीपासूनच नाही म्हणत होते.

मुंगी: म्हणूनच नाही सांगितलं. तू आणि मावशी भांडला असतात. आणि मला थोडं जायचं पण आहे.

धाकटी: थोडं म्हणजे?

मुंगी: शाळेत बाई एकच गणित परत परत करायला लावतात. माझं झालं की मी गप्प बसते. बाई म्हणतात, हात वर नको करूस, तुला येतं मला माहितीये. सरांच्या पेपरात एक गणित होतं ना, ते मला आलंच नाही. मला फार आवडलं ते. त्या चष्म्यातून दिसत नव्हतं, तर मी कागद हातभर लांब धरून वाचलं. अजून नाही आलं.

ताई: कुठलं गं? ते पुलावरच्या माणसांचं?

मुंगी: सांगू नकोस उत्तर!

ताई: नाही सांगत. मग बाळा, भीती कशाची वाटते तुला? परीक्षेची नाही, गणिताची नाही. मग?

मुंगी: माझ्या शेजारी बसते ती म्हणाली, तू गेलीस की तुझी खिडकीची जागा मला, हं. ती चांगली आहे. ती चिडवत नव्हती. मग मला मामा आठवला.

धाकटी: मामाचं तुला काय माहीत?

मुंगी: तू बाबांना सांगत होतीस एकदा. ती बॅगची गोष्ट. मी गेले आणि मग परत आले, आणि माझी जागाच नसली, तर मी कुणाला विचारू? तू म्हणशील, ठेव गं कुठेही.

धाकटी: मुंगे...

मुंगी: म्हणजे मी रडत नाहीये. डोळ्यांतून त्या चष्म्यामुळे पाणी येतं.

धाकटी: ये, जवळ ये. ताई, आता तुला काय झालं? तू कशाला तोंड फिरवून उभी राहिलीस?

ताई: काही नाही. खुंटी.

धाकटी: कसली खुंटी?

ताई: त्या बर्फाच्या देशात शाळेत शिरलं की आधी खुंट्यांची रांग लागते. जाडजूड कोट टांगायला. प्रत्येक खुंटीच्या वर त्या त्या मुलाने काढलेलं चित्र. कुणाचा मासा, कुणाची होडी. एका साध्या शाळेत मला एक खुंटी रिकामी दिसली. चित्र होतं, कोट नव्हता. मी विचारलं, मूल आजारी आहे का? तिथली बाई म्हणाली, छे, ती चार दिवस गावाच्या दुसऱ्या टोकाला, खास वर्गात जाते. पाचव्या दिवशी इथे येते, आपल्या बाकावर बसते, आपल्या मैत्रिणींबरोबर डबा खाते. आणि खास वर्ग नको वाटला, तर कुठल्याही दिवशी येऊन कोट टांगायचा. कारण विचारत नाहीत.

मुंगी: कुणीच नाही विचारत?

ताई: कुणीच नाही.

मुंगी: मग सगळे परत येतात?

ताई: मी पण हेच विचारलं. बाई म्हणाली, फार थोडे. खुंटी आहे म्हटल्यावर पोरं बिनघोर जातात.

धाकटी: हे आत्ता सांगतेस? मग आपल्याकडे कुठेय ते?

ताई: होतं. योजनेत मी लिहिलं होतं. बैठकीत एकाने विचारलं, एक मूल दोन शाळांच्या हजेरीपटावर कसं राहील? एकीकडे हजर म्हटलं की दुसरीकडे गैरहजर. त्यावर तास गेला. मग कुणी म्हणालं, गावोगावी वर्ग नको, एकाच ठिकाणी काढा, लांब का असेना. लांब म्हटल्यावर वसतिगृह आलं. वसतिगृह म्हटल्यावर पाचवा दिवस कसला? काढून टाकलं.

धाकटी: आणि तू?

ताई: मी मान हलवली. म्हटलं, आधी सुरू तर होऊ दे, मग बघू.

धाकटी: परीक्षा आणलीस, सराववाले सर आणलेस, आणि खुंटी तेवढी तिकडेच ठेवून आलीस.

ताई: हो.

धाकटी: दादाची बहीण असून.

ताई: हो म्हटलं ना! मला त्या बॅगेचं माहीतच नव्हतं गं. मला एवढंच ठाऊक होतं की तो गप्प झाला. का, ते आज कळलं, तुझ्या दुकानात उभं राहून. तिकडे ती रिकामी खुंटी बघून मला वाटलं होतं, काय छान कल्पना आहे. कल्पना! त्यांच्याकडेही कुणीतरी कधीतरी बॅग घेऊन दारात उभं राहिलं असणार, त्याशिवाय का सुचलं त्यांना?

मुंगी: मावशी, बाहेर हॉर्न वाजतोय.

ताई: वाजू दे. त्याला सांगते, मी एकटीच येतेय.

धाकटी: सोमवारी काय सांगशील तिथे? तुझ्याच घरची मुलगी आली नाही म्हटल्यावर खात्यातले लोक टपलेले असतीलच.

ताई: असतील. मला भीती वाटतेय, तुला खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं खपून ही योजना उभी राहिली, आणि आता मीच उठून म्हणायचं की थांबा. पुन्हा कुणी बैठकीला बोलावणार नाही मला. पण सांगेन. म्हणेन, आपली परीक्षा इतकी उत्तम आहे, की ती चुकवायला एका मुलीने आपल्या डोळ्यांवर पाणी सोडायची तयारी केली. खुंटी लावा, नाहीतर मुलं नेऊ नका.

धाकटी: ऐकतील?

ताई: माहीत नाही.

धाकटी: माझी भीती काही गेली नाही, ताई. डोक्यात काही नाही हे कळलं, तो एक धोंडा उतरला. पण ही एवढीशी, मला पत्ता लागू न देता एवढं सगळं मनात घेऊन वावरत होती. उद्या आणखी काय करेल? मी कुठे कुठे बघू?

ताई: ते मला विचारू नकोस. मी तीन देश बघून आले, आणि माझ्या भाचीच्या नाकावरचा चष्मा मलाही दिसला नाही.

धाकटी: मुंगे, वर बघ. हा घाल. हा तुझा. काड्या कानाला टोचतायत?

मुंगी: नाही. आई, तुझ्या केसांत काच घासल्याची पूड आहे. आणि मावशीचे डोळे लाल आहेत. सगळं केवढं मोठं झालंय!

धाकटी: मोठं नाही झालं. होतं तेवढंच आहे. चार दिवस डोकं जड राहील, मग बरं वाटेल. आणि आता माझं ऐक. घरी दारामागची ती बुटकी खुंटी कुणाची?

मुंगी: माझी. बाबांनी माझ्या उंचीला ठोकलीय.

धाकटी: ती तुझीच. तू इथे असलीस तरी, आणि उद्या तुझ्या मनाने कुठे गेलीस तरी. तिच्यावर दुसऱ्या कुणाची वस्तू येणार नाही. माझीसुद्धा नाही.

मुंगी: रिकामी राहिली तरी?

धाकटी: रिकामी राहिली तरी.

मुंगी: धूळ बसेल तिच्यावर.

धाकटी: पुसेन की.

मुंगी: मग अजून एक ठोक ना. तिच्या शेजारीच, पण उंचावर. मोठ्या माणसाचा हात पोचेल अशी.

धाकटी: कुणाला गं?

मुंगी: मामाला. तो आला, तर बॅग कुठे ठेवेल?